मदत हवी आहे: इंग्रजी वाक्यात क्रियापदाभोवती नाम, सर्वनाम आणि विशेषण बसवायचे कसे?

द्राक्षमणी:
नमस्कार. नाम, सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद यांच्या व्याख्या मला शाळेपासून पाठ आहेत आणि वाक्यातील शब्दांची जात मी ओळखू शकतो. तरीही मी लिहिलेले इंग्रजी वाक्य वरिष्ठांकडून दर वेळी तांबड्या रेघा घेऊन परत येते आणि कारण विचारले, की "वाचायला बरोबर वाटत नाही" एवढेच उत्तर मिळते. हे चार प्रकारचे शब्द एकमेकांना कसे जोडायचे, याचा एक खात्रीचा नियम कोणी सांगू शकेल का? उत्तर आज संध्याकाळपर्यंत हवे आहे. क्लास लावण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

सिडकोवासी:
नियम सोपा आहे. मराठीत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद येते, तर इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद येते आणि कर्म त्यानंतर. एवढे सांभाळले, की बाकी सगळे आपोआप बसते. रोज सकाळी इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचावा. मी तेच केले आणि व्याकरणाच्या पुस्तकाला हातही लावला नाही.

गोदाकाठ:
आपोआप काहीच बसत नाही. द्राक्षमणी, रेघा पडलेली वाक्ये कोणती, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. परीक्षेचा पेपर आहे, नोकरीचा अर्ज आहे की कार्यालयीन पत्रव्यवहार?

नाशिकरोडच्या बाई:
मीही वाक्यांचीच वाट पाहते आहे. तोवर एक सांगून ठेवते. कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम चुकल्यामुळे वाक्य बिघडण्याचे प्रसंग कमी असतात. मुलांचे चुकते ते पुढे, कारण प्रत्येक इंग्रजी क्रियापद आपल्यामागे काय येऊ द्यायचे, हे स्वतः ठरवते. एकाच अर्थाची दोन क्रियापदेसुद्धा सारखी वागतील याची खात्री नसते.

द्राक्षमणी:
परीक्षेचा प्रश्नच कुठे आला? मी पिंपळगाव बसवंतला द्राक्ष निर्यातीच्या कार्यालयात आहे आणि नेदरलँड्समधील खरेदीदाराला पत्र जायचे आहे. रेघा पडलेली वाक्ये पुढे देतो.
"वुई सेंट यू ब्लॅक न्यू टू सॅम्पल्स."
"द ग्रेप्स टेस्ट स्वीटली."
"द क्वालिटी ऑफ द ग्रेप्स आर गुड."
"प्लीज एक्स्प्लेन अस द प्रॉब्लेम."
"इफ एनी कार्टन इज डॅमेज्ड, सेंड बॅक इट."
"दे मेड अस टू वेट ॲट द पोर्ट."
सहाही वाक्यांत कर्ता, क्रियापद आणि कर्म आपापल्या जागी आहेत, हे सिडकोवासी यांनी पाहावे.

दिंडोरीचा शेतकरी:
युरोपला माल पाठवताना फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल रोग-किडींपासून मुक्त असल्याचा दाखला, मालासोबतच जायला हवे आणि त्यावरील तपशील बीजकाशी तंतोतंत जुळले पाहिजेत. औषधांच्या अवशेषांचा तपासणी अहवालही हाताशी ठेवावा.

द्राक्षमणी:
काका, प्रमाणपत्र कधीच मिळाले आहे. वाक्ये अडली आहेत.

नाशिकरोडच्या बाई:
आता बोलता येईल. सर्वांत आधी द्राक्षांच्या चवीचे वाक्य घेते, कारण त्यात क्रियापद आणि विशेषण यांचे नाते उघड दिसते. "टेस्ट" येथे कृती सांगत नाही. ते द्राक्षे आणि त्यांचा गुण यांना जोडते, म्हणून त्याच्यामागे द्राक्षांचे विशेषण हवे: "द ग्रेप्स टेस्ट स्वीट." "लुक", "स्मेल", "फील", "साउंड" आणि "सीम" ही क्रियापदेही अशीच वागतात. मात्र खरेदीदाराने द्राक्षे काळजीपूर्वक चाखली असे म्हणायचे असेल, तर चाखणे ही कृती झाली आणि तेथे क्रियाविशेषण आले: "द बायर टेस्टेड द ग्रेप्स केअरफुली." क्रियापद तेच असले, तरी दोन्ही ठिकाणी त्याचे काम वेगळे आहे.

"सेंड" आपल्यामागे दोन कर्मे घेऊ शकते, म्हणून "सेंड अस द रिपोर्ट" बरोबर आहे. "गिव्ह", "शो" आणि "टेल" यांचेही तसेच. "एक्स्प्लेन" ती मुभा देत नाही. त्याला "एक्स्प्लेन द प्रॉब्लेम टू अस" अशीच रचना लागते. "डिस्क्राइब" आणि "मेन्शन" याच गटात मोडतात.

"सेंड बॅक" या जोडक्रियापदात नाम मागेही चालते आणि मध्येही चालते: "सेंड बॅक द कार्टन" किंवा "सेंड द कार्टन बॅक". कर्म "इट" किंवा "देम" असे सर्वनाम असेल, तर ते मध्येच घालावे लागते: "सेंड इट बॅक."

"मेक" मागे "टू" न लावता मूळ क्रियापद येते: "दे मेड अस वेट." गंमत अशी, की हेच वाक्य कर्मणी केले की "टू" परत येतो: "वुई वेअर मेड टू वेट."

सातपूरकर:
बाईंचे सगळे मान्य केले, तरी "एक्स्प्लेन अस" लिहिल्याने डच खरेदीदाराला अर्थ कळणार नाही का? इंग्रजी त्याचीही मातृभाषा नाही. आपल्याकडे बैठकीत सर्रास तसेच बोलतात आणि ऑर्डरी मिळतात.

नाशिकरोडच्या बाई:
अर्थ कळेल, पण रेघाही पडतील. विचारणाऱ्याला रेघा नको आहेत.

गोदाकाठ:
उरलेली दोन वाक्ये मी घेतो. "आर" चुकले, कारण वाक्याचा कर्ता "क्वालिटी" आहे आणि तो एकवचनी आहे. क्रियापदाला लागून "ग्रेप्स" आले म्हणून ते अनेकवचनी होत नाही: "द क्वालिटी ऑफ द ग्रेप्स इज गुड." आपल्या घोळाचे मूळ बहुधा मराठीच्या सवयीत आहे. "मी पेटी उघडली", "मी खोका उघडला", "मी खोके उघडले" असे म्हणताना आपले क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इंग्रजी क्रियापद कर्माकडे पाहतच नाही, त्यामुळे तिन्ही ठिकाणी "ओपन्ड" राहते.

नमुन्यांच्या वाक्यात संख्या आधी, मग नवेजुनेपण आणि मग रंग: "टू न्यू ब्लॅक ग्रेप सॅम्पल्स." साधारण क्रम संख्या, मत, आकारमान, वय, रंग, मूळ ठिकाण आणि पदार्थ असा असतो. येथे "ग्रेप" हे नाम विशेषणासारखे वापरले आहे, म्हणून ते नामाला अगदी चिकटून आणि एकवचनात येते. विशेषणांना मात्र वचन नसते. आपण काळा, काळी, काळे करतो, तेथे "ब्लॅक" एकच.

सातपूरकर:
विशेषणांचा हा क्रम कुणी पाठ करू नये. "बिग बॅड वुल्फ" मध्ये आकारमान आधी आणि मत नंतर आले आहे. तुमचा नियम तेथेच कोसळला.

गोदाकाठ:
कोसळला नाही. "टिक टॉक" सारख्या जोड्यांतही स्वरांचा एक क्रम (आधी इ, मग ॲ किंवा ऑ) सांभाळला जातो आणि "बिग बॅड" त्या लयीत बसते. व्यापारी पत्रात लांडगा येण्याची शक्यता कमी आहे.

वाचनालयाचा सभासद:
मला बाईंचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण क्रियापदागणिक रचना ठरत असेल, तर ती शोधायची कुठे, हा प्रश्न उरतो. इंग्रजी-मराठी शब्दकोशात "एक्स्प्लेन"चा अर्थ मिळतो, त्याच्यामागे काय लागते ते बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश पाहावा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला असा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. त्यात क्रियापदांना रचनेनुसार खुणा दिल्या होत्या आणि आजच्या अशा कोशांत त्याच कामासाठी नमुना वाक्ये असतात. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाणे होत असेल, तर संदर्भ विभागात विचारावे.

सिडकोवासी:
कोश उघडून पत्र लिहायला बसले, तर द्राक्षांचे मनुके होतील.

द्राक्षमणी:
बाई आणि गोदाकाठ, आभारी आहे. सहा वाक्ये दुरुस्त करून दिली आणि ती मान्य झाली. आता शेवटच्या परिच्छेदातील दोन वाक्यांवर रेघा आल्या आहेत.
"इफ यू नोटिस अनयूज्वल एनीथिंग, इन्फॉर्म अस."
"वुई सजेस्ट यू टू स्टोअर देम ॲट झिरो डिग्रीज सेल्सिअस."
"इन्फॉर्म अस" चालले, मग "सजेस्ट यू" का चालू नये? गाडी भरून होत आली आहे.

नाशिकरोडच्या बाई:
"एनीथिंग", "समथिंग", "समवन" या सर्वनामांचे विशेषण त्यांच्या मागून येते: "एनीथिंग अनयूज्वल." "इन्फॉर्म"चे कर्म माणूसच असतो, म्हणून ते वाक्य बरोबर आहे. "सजेस्ट"चे कर्म म्हणजे सुचवलेली गोष्ट, म्हणून "वुई सजेस्ट दॅट यू स्टोअर देम ॲट झिरो डिग्रीज सेल्सिअस" असे लिहा. "यू टू स्टोअर" हीच रचना ठेवायची असेल, तर क्रियापद बदलून "ॲडव्हाइज" घ्या. त्याला ती चालते.

दिंडोरीचा शेतकरी:
शून्य अंश ठीक आहे, पण पूर्वशीतकरण, म्हणजे साठवणीआधी द्राक्षे थंड करणे, झाले आहे ना?