मदत हवी आहे: कंकणद्वीपाच्या मॉडेलमध्ये लगूनचा तळ कशाने करू?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. भाचीला शाळेच्या प्रदर्शनासाठी कंकणद्वीप (अ‍ॅटॉल, म्हणजे प्रवाळाचं कंकणासारखं कडं) करून देतेय आणि लगूनच्या, म्हणजे कड्याच्या आतल्या पाण्याच्या, तळाशी येऊन अडकलेय.

खाली खचलेला थर्माकोलचा ज्वालामुखी, वर पीओपीचं प्रवाळाचं कडं, इथवर जमलं. डार्विनने १८४२ साली मांडलं तेच: डोंगर हळूहळू बुडतो, प्रवाळ उजेडासाठी वर वाढत राहतं. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटोक कंकणद्वीपाला भोक पाडलं, तेव्हा १,२०० मीटरहून जास्त चुनखडीखाली बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा काळा खडक, लागला. लक्षद्वीपखालचा ज्वालामुखी कणा ज्या उष्णबिंदूचा (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येण्याच्या जागेचा) मानतात, त्याच्याच लाव्ह्यावर आपलं इंदूर बसलंय, हे ऐकून भाचीने अंगणातला काळा दगडच चिकटवायला आणला!

आता गाळ. कड्याजवळ जाडा, मधल्या खोल पाण्यात बारीक, म्हणून कडेला रवा आणि मधे मैदा पसरला. रात्रीत मुंग्यांनी अर्धं कडं रिकामं केलं. खरी वाळू म्हणजे प्रवाळाचा चुरा (पोपटमासा कुरतडून मागून टाकतो तोही), फोरामिनिफेराची (समुद्रातल्या एकपेशीय जिवांची) कवचं आणि हॅलिमेडा शेवाळाच्या चपट्या चकत्या. चकत्यांना पोहे फक्कड शोभले असते, पण पुन्हा मुंग्या.

रांगोळी चाळून दोन जाडीची केली तर फेव्हिकॉलवर नीट बसेल का? चकत्यांसाठी काय वापरू? आणि लक्षद्वीपची बेटं बहुतेक पूर्वेच्या कडेला, लगून पश्चिमेला, हे आठवीच्या मुलीला सोप्या भाषेत कसं समजावू?

प्रदर्शन शनिवारी आहे.