एकेका प्लॉटला परवानगी, पण सगळ्यांचा मिळून हिशेब कोण करणार?

खाडीकाठचा (धागाकर्ता)
मी चिपळूणचा, बाजारपेठेत दुकान आहे. आमच्या जिन्यात पुराच्या पाण्याच्या दोन खुणा ऑइलपेंटने केल्यात. खालची २६ जुलै २००५ ची, वरची २२ जुलै २०२१ ची. मधे अडीच पायऱ्या.

दुकानामागे पूर्वी भाताची कुणगी होती, कडेने पऱ्ह्या (ओढा) वाहायचा. आता तिथे दहा गुंठ्यांवर पाच फूट भराव पडलाय. त्याला लागून दुसरा, पलीकडे तिसरा. प्रत्येकाकडे रीतसर कागद. कोणीच चोर नाही, हाच घोटाळा आहे.

इमारतीला पर्यावरण मंजुरी लागते ती २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे. आपल्याकडे तेवढं बांधणारे किती? बाकीचे सगळे चाळणीतून खाली. आणि ज्या विकास आराखड्यात वीस वर्षांसाठी कुठे हिरवं (शेती) आणि कुठे पिवळं (घरं) ते ठरतं, त्याचा एकत्रित परिणाम तपासा असं बंधन १९६६ च्या नगररचना कायद्यात नाही. युरोपीय संघाने २००१ मध्येच निर्देश काढून प्रकल्पाच्या आधी आराखडाच तपासायला लावला. आपल्या किनारी शहरांत रंग भरण्याआधी हे का करू नये?

साधा हिशेब: दहा गुंठे, पाच फूट भराव म्हणजे साधारण १५ लाख लिटरची जागा गेली. असे साठ प्लॉट धरा, ९ कोटी लिटर. ते पाणी कुठे जाणार? माझ्या जिन्यात.

प्लिंथ_लेव्हल
सिव्हिलवाला आहे, म्हणून राहवत नाही. ९ कोटी लिटर ऐकायला भीतीदायक, पण म्हणजे ९०,००० घनमीटर. पुरात नदी सेकंदाला हजार घनमीटर वाहतेय असं धरलं, तर हे दीड मिनिटाचं पाणी. तुमच्या अडीच पायऱ्या त्याने चढत नाहीत हो.

नियमही आहेत. नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) बांधकाम नाही. निळी ते लाल (१०० वर्षांचा) या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर. पाळले तर पुरे आहेत. नवा अहवाल म्हणजे नवा सल्लागार आणि त्याचं बिल.

गाळ_आधी
चोर सोडून संन्याशाला फाशी! कोयनेचं पाणी वीज करून पोफळी, कोळकेवाडीमार्गे आपल्या वाशिष्ठी नदीतच येतं, वर पात्रात गाळ. शहरातल्या गरिबाच्या पाच फुटांवर कसला धागा काढताय?

खाडीकाठचा
@प्लिंथ_लेव्हल, दीड मिनिटाचं मान्य. साठवणुकीचा हिशेब मी ढोबळ मांडला, चूक माझी. पण भरावाने नुसती जागा जात नाही, वाट जाते. पऱ्ह्याच्या दोन्ही बाजू उचलल्या की पाणी चिंचोळ्या गळ्यातून जातं आणि गळ्याच्या वरच्या अंगाला चढतं. त्यात हायवेचा भराव, रेल्वेचा भराव. २२ जुलैला पौर्णिमा दोन दिवसांवर होती, खाडीत उधाण, म्हणजे खालूनही दार बंद. यातली कुठलीही एक गोष्ट एकटी धरली तर निर्दोष सुटते.

आणि तो ०.४५ मीटरचा नियम! जोतं वर घ्या म्हटलं की खांबांवर घेणारा विरळा. बाकीचे डंपर बोलावतात. म्हणजे तुमचा नियमच भराव मागवतो.

@गाळ_आधी, कोयनाही मोजा, गाळही मोजा, पण एकाच कागदावर. मी तेच तर म्हणतोय.

प्लिंथ_लेव्हल
खांबांचा मुद्दा बरोबर आहे. भराव नको, खांबच घ्या, अशी अट आराखड्यातच घाला, मी पाठिंबा देतो. पण त्याला दोन वर्षांचा अभ्यास कशाला? कोकणात दोन वर्षांत अर्धी कामं बिनपरवाना होऊन जातात.

सातबारा
सगळे पाण्यावर बोलतायत, जमीनवाल्यावर कोणी नाही. वडिलांनी आयुष्याची पुंजी घालून सात गुंठे घेतले. नंतर नकाशावर रेषा आली आणि आमचा प्लॉट निळ्याच्या आत. बँक कर्ज देत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही. ज्यांनी आधी बांधलं त्यांनी नदीची वाट खाल्ली, आणि आता तुमचा 'एकत्रित परिणाम' मोजायचा तो आमच्या रिकाम्या जमिनीवर. धागाकर्त्या, तुमचं दुकान कुठल्या रेषेत आहे ते सांगाल का?

सड्यावरची
मी रत्नागिरीकडची, आमचं दुखणं उलटं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, पाऊस पडतो, कातळाच्या भेगांतून झिरपतो आणि खालच्या वाडीत झऱ्याला, विहिरीला येतो. सड्यावर एक बंगला झाला तर विहिरीला कळतही नाही. तीस झाले, आवारभर पेव्हर बसले, तिसाची तीस बोअर पडली की आमची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर. ते मुरायचं सोडून गटाराने खाडीला जातं आणि मेमध्ये आम्ही टँकरला फोन करतो.

पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा वेगळा विचार होता. प्रकल्प सुटे नव्हे, एकत्रित तपासा, ही शिफारस तेव्हाचीच. तेव्हा आमच्या गावात 'समिती आली तर चिरा काढता येणार नाही' एवढीच चर्चा होती. मीही तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू.

खाडीकाठचा
@सातबारा, दुकान निळ्याच्या आतच आहे. आजोबांचं, रेषा यायच्या आधीचं. तुमचा राग रास्त आहे. जमीन मोकळी ठेवायला लावायची तर मोबदला हवा, हस्तांतरणीय विकास हक्क द्या नाहीतर रोख, पण फुकट नको. मात्र किती जमीन मोकळी लागेल हा आकडा एकत्रित हिशेबाशिवाय निघणार कसा? आज रेषा पडते आणि मोबदल्याचं नावच निघत नाही.

सातबारा
हक्क विकत घेणारा बिल्डर चिपळुणात कोण आहे? मुंबईचं औषध आम्हाला. आणि आराखड्याचा मसुदा निघाला की हरकतीला ३० दिवस, त्याही लोक आपापल्या सर्व्हे नंबरच्या घालतात. तुमची 'सगळं पाणी मिळून' ही हरकत कुठल्या नंबरावर लावणार?

खाडीकाठचा
दुकानाच्या. सोबत जिन्याचा फोटो.

सातबारा
लावा. मीही लावणार आहे, आमचा प्लॉट पिवळा करा म्हणून. सुनावणीला भेटूच.