कार विमा: एका वर्षात दोन क्लेम, प्रीमियम जवळजवळ दुप्पट. खर्च कमी कसा करावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, विम्यातल्या जाणकारांची मदत हवी आहे. मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे.

गाडी २०२१ ची, पेट्रोल, ११९७ सीसी, यजमानांच्या नावावर. पहिली तीन वर्षं एकही क्लेम नाही, त्यामुळे ३५ टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस) होता. गेल्या वर्षी मात्र दोन क्लेम झाले. खंबाटकी घाटात मागून ट्रकने ठोकलं, आणि पावसाळ्यात सोसायटीतलं झाड बॉनेटवर पडलं. दोन्ही वेळा यांची काहीच चूक नव्हती. तरी आता कंपनीच्या लेखी आम्ही 'जास्त जोखमीचे' झालो आहोत, याचं फार वाईट वाटतं. वीस वर्षं गाडी चालवतात, कधी साधं चलान नाही.

गेल्या वर्षी ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम ६,४०० होता, यंदा ११,९०० सांगतात. झिरो डेप (घसारा न कापण्याचं कव्हर), थर्ड पार्टी (दुसऱ्यांच्या नुकसानीचं कव्हर), पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर आणि जीएसटी धरून २०,७०० च्या आसपास जातं. आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत) ४ लाख.

एजंटने तीन उपाय सुचवले: फक्त थर्ड पार्टी घ्या, आयडीव्ही साडेतीन लाखांवर आणा, किंवा दुसऱ्या कंपनीत जाऊन फॉर्मवर 'क्लेम नाही' लिहा. तिसरा मला अजिबात पटत नाही. पहिल्या दोघांबद्दल काय करावं?

जुना_सर्व्हेअर

ताई, तिसरा उपाय पटला नाही हे उत्तम. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून एनसीबीची खातरजमा करून घेते. खोटं उघड झालं की पुढचा क्लेम अडकतो, आणि तोही नेमका मोठा असतो.

एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याची सवलत. चूक कोणाची होती हे त्यात पाहिलं जात नाही. ओडीचा एक क्लेम घेतला तरी ती शून्यावर येते. तुमच्याविरुद्ध निव्वळ थर्ड पार्टीचा दावा झाला असता तर ती गेली नसती.

आता आकडे बघा. ६,४०० मधून ३५ टक्के सवलत काढून घेतली तर ९,८५० च्या आसपास येतात. शिवाय आयडीव्ही दरवर्षी उतरते, म्हणजे खरं तर त्याहून कमी यायला हवेत. वरचे दोन हजार हे क्लेमचं लोडिंग (जादा आकार) आहे किंवा आधीचा डिस्काउंट कापला आहे. ओडीचा दर प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, म्हणून फिरून बघायचं ते इथेच. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. तुमच्या गाडीला, म्हणजे १००० ते १५०० सीसीला, २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ३,४१६. तिथे कोणीही सूट देणार नाही, त्यावर वेळ घालवू नका.

फक्त थर्ड पार्टी मात्र घेऊ नका. चार लाखांची गाडी चोरीला गेली किंवा पुरात सापडली तर हाती काहीच येत नाही. आयडीव्ही उतरवून दीड हजार वाचतील, पण अशा वेळी पन्नास हजार कमी मिळतील. माझ्या मते हा तोट्याचा सौदा.

झिरो डेप ठेवा. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर एरवी ५० टक्के घसारा कापतात.

चारचाकी_पुणे

सर्व्हेअरकाकांशी सहमत. थोडी भर घालतो.

व्हॉलंटरी डिडक्टिबल विचारा, म्हणजे प्रत्येक क्लेममधली ठरावीक रक्कम आपण सोसायची आणि प्रीमियमवर सूट घ्यायची. जुन्या टॅरिफमध्ये २,५०० ला ओडीवर २० टक्के पण कमाल ७५० आणि ५,००० ला २५ टक्के पण कमाल १,५०० सूट होती. आता कंपनीगणिक फरक पडतो, तेव्हा कोटेशन दोन्ही प्रकारे काढा. किरकोळ ओरखड्यांसाठी क्लेम करायचाच नाही असं ठरवलं असेल तरच यात अर्थ आहे.

दुसरं म्हणजे पीए कव्हर. मालक-चालकाचं १५ लाखांचं हे कव्हर प्रत्येक वाहनावर वेगळं लागत नाही. यजमानांच्या नावावरच्या दुचाकीच्या पॉलिसीत ते असेल तर इथे काढायला सांगा. एजंट सहसा आपणहून सांगत नाहीत.

रनिंग किती आहे? विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये किलोमीटरनुसार प्रीमियमच्या अ‍ॅड-ऑनला परवानगी दिली आहे. गाडी कमी फिरत असेल तर तुमच्यासारख्यांना खरा फायदा तिथेच. आणि मुदत चुकवू नका. विम्याविना सापडलात तर पहिल्या वेळचा दंडच २,००० आहे, वर पॉलिसी पुन्हा घेताना गाडीची तपासणी.

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. आज दोन कंपन्यांना फोन केले, दोन्ही क्लेम स्पष्ट सांगितले. एकीने त्याच आयडीव्हीवर ओडी ९,१०० सांगितला. पीए कव्हर यांच्या स्कूटरच्या पॉलिसीत आहे, ते इथून काढलं. २,५०० चं डिडक्टिबल घेते, पाचाचं नको वाटतं.

रनिंग वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या आत आहे, गणपतीला कोकणात जाऊन येणं धरून. किलोमीटरवाल्या पॉलिसीत टप्पा संपला तर मध्येच वाढवून मिळतो का, आणि नेमका त्याच वेळी अपघात झाला तर क्लेमचं काय होतं? कोणी स्वतः वापरली असेल तर कृपया सांगा, शुक्रवारपर्यंत पैसे भरायचे आहेत.