डार्क ऑफ द सन (१९६८): नागडं सत्य की गोऱ्यांची शिकारकथा?

जुनाटप्रेमी
हा सिनेमा काल तिसऱ्यांदा पाहिला. १९६४ सालचं काँगो, सिंबा बंडखोर जवळ आलेले. करी (रॉड टेलर) भाडोत्री सैनिक घेऊन आगगाडीने निघतो, म्हणायला अडकलेल्या लोकांना सोडवायला. खरा डोळा हिऱ्यांवर. माणसं तोंडी लावायला. तिजोरी ठरल्या वेळेआधी उघडत नाही, म्हणून भरलेली गाडी तीन तास ताटकळते. सुटते तेव्हा तोफगोळे पडताहेत. शेवटचा डबा तुटतो आणि उतारावरून मागे, बंडखोरांकडे घरंगळू लागतो. आत माणसं. करवतीची मारामारी सगळ्यांना आठवते, मला मात्र हा डबा जास्त हिंसक वाटतो. हावेची किंमत कोण मोजतं, ते याहून उघडं कसं दाखवणार?

पेंढारी_पुणेकर
डबा ज्यांच्याकडे घरंगळला, त्यांचं काय? एकाही सिंबाला धड नाव नाही. काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुंबा, त्यांचा १९६१ला खून झाला, हे त्यांचेच अनुयायी. पण सिनेमात नुसती टोळधाड. आणि तुमचं ‘खरं’ काँगो जमैकात चित्रित झालंय, बरं का.

जुनाटप्रेमी
रफोला विसरलात? जिम ब्राउनचा रफो काँगोचाच, पैशासाठी नव्हे तर देशासाठी आलेला. करीच्याच तुकडीतला, स्वस्तिक मिरवणारा हेनलाइन दोन पोरांना मारतो. पुढे करी त्याचं डोकं रेल्वेच्या चाकाखाली देऊ पाहतो, तेव्हा अडवतो रफोच. हेनलाइनही हवेतून आलेला नाही. काँगोतला खराखुरा जर्मन भाडोत्री ‘काँगो म्युलर’ छातीवर जर्मन लोखंडी क्रूस लावून हिंडायचा.

पेंढारी_पुणेकर
आणि मरतोही रफोच! गोऱ्या नायकाला शेवटी उपरती व्हावी म्हणून. करी स्वतःला लष्करी न्यायाच्या हवाली करतो, आपण टाळ्या वाजवायच्या.

कर्नलकाका
काँगोचा विषय निघालाय म्हणून. ५ डिसेंबर १९६१, एलिझाबेथव्हिल. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले आपले कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया १६ गुरखे घेऊन नव्वदेक जणांवर तुटून पडले. समोर काँगोतून फुटलेल्या कटांगा प्रांताचे जेंडार्म (सशस्त्र शिपाई), त्यांच्या पाठीशी असेच गोरे भाडोत्री. मरणोत्तर परमवीरचक्र. त्यामुळे भाडोत्री नायक दिसला की माझा हात रिमोटकडे जातो.

जुनाटप्रेमी
काका, सिनेमालाही तो आवडत नाहीच. म्हणून तर त्याच्यावर खटल्याची पाळी आणलीय.

पेंढारी_पुणेकर
डबा मान्य. बाकीचा दीड तास तुम्हाला लखलाभ.