स्पॅनिश मेलमधल्या नमस्काराचा अर्थ सांगा प्लीज, मेक्सिकोच्या टीमशी बोलायचंय

कोथरूडची_टेस्टर:
नमस्कार मंडळी, आमच्या प्रोजेक्टवर आता मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराची टीम आलीये. तिथल्या एक मॅडम आहेत, वयाने बऱ्याच मोठ्या, इंग्रजी छान येतं त्यांना पण मेलची सुरुवात आणि शेवट स्पॅनिशमध्येच करतात. कालच्या मेलमध्ये वर होतं "ओला, ब्वेनास तार्देस, कोमो एस्ता? मूचो गुस्तो" आणि खाली "केदो आल पेन्दिएन्ते, सालूदोस". ओला म्हणजे हॅलो हे कळलं, बाकी डिक्शनरीत एकेक शब्द बघितला तर मूचो म्हणजे खूप आणि गुस्तो म्हणजे चव किंवा आवड, मग याचं करायचं काय? आणि अ‍ॅपमध्ये तर "कशी आहेस"साठी "कोमो एस्तास" शिकवलंय, यांनी शेवटचा स का नाही लावला? उद्या रात्री ८ ला त्यांच्यासोबत पहिला कॉल आहे, निदान सुरुवात तरी त्यांच्या भाषेत करावी असं खूप मनात आहे.

भाषावेडा_नाशिक:
आधी ते एकेक शब्द सुटा करून बघणं थांबवा, नमस्काराची वाक्यं अख्खीच घ्यायची असतात. मूचो गुस्तो म्हणजे सरळ "भेटून आनंद झाला", पहिल्या ओळखीत म्हणतात, त्यावर उत्तर "इग्वाल्मेन्ते" म्हणजे मलाही. केदो आल पेन्दिएन्ते हे मेक्सिकोच्या ऑफिस मेलमध्ये सारखं दिसतं, तुमच्या उत्तराची वाट बघते असा अर्थ, आणि सालूदोस हे आपल्या "कळावे" सारखं शेवटी येतं.

आता तो स. मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं कारण आपल्याकडेही क्रियापदावरूनच समजतं की तू म्हणतोय की तुम्ही. "कशी आहेस" मध्ये तू वेगळं बोलावं लागत नाही ना, तसंच एस्तास म्हटलं की त्यात तू आलंच. एस्ता म्हटलं की समोरच्याला "उस्तेद" म्हणजे तुम्ही म्हणतायत. म्हणजे त्या मॅडम वयाने मोठ्या असून तुम्हाला अहो-जाहो करतायत, तर तुम्हीही उस्तेदच ठेवा, त्या स्वतःहून "तू म्हण" म्हणेपर्यंत. आणि कसा-कशीचा प्रश्नच नाही, बाई असो की पुरुष, कोमो एस्ता एकच. फक्त "एन्कान्तादो" वापरलंत तर बाईने एन्कान्तादा म्हणायचं, अर्थ मूचो गुस्तोचाच.

उच्चाराचं टेन्शन घेऊ नका, त्यांचे त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ लावून येतात, इंग्रजीसारखा ट केला की उलट बिघडतं.

माद्रिदवाली_वहिनी:
वेळेचंही बघा हं. तुमचे रात्रीचे ८ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेआठ, त्यामुळे कॉलवर "ब्वेनोस दीआस", म्हणजे शुभ सकाळ. शेवट आ असला तरी दीआ (दिवस) पुल्लिंगी आहे म्हणून ब्वेनोस, तार्दे (दुपार) आणि नोचे (रात्र) स्त्रीलिंगी म्हणून ब्वेनास, हे पाठच करून टाका. आमच्याकडे स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनला, त्यामुळे दीड वाजता दुकानात गेलं तरी बरेच जण ब्वेनोस दीआस म्हणतात, जेवण झालं की मग तार्देस. आणि ब्वेनास नोचेस हे फक्त झोपताना नाही, रात्री कुणाकडे गेलात तर दारातच म्हणायचं. निघताना "आस्ता लुएगो" म्हणजे भेटू नंतर, परत भेट होणार नसेल तरी चालतं, इथे दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकालाही तेच म्हणतो. माद्रिदला ऑफिसमध्ये सगळे पटकन तू वर येतात पण त्यावरून मेक्सिकोचं धरू नका, नाशिकवाल्यांचं बरोबर आहे, उस्तेदच बोला.

पाहुणा_नागपूर:
माझी टीम कोलंबियात आहे, बोगोताला, तिथे सकाळी पहिला शब्द "के मास?" शब्दशः "अजून काय", आपण नाही का "काय विशेष?" विचारत, अगदी तसंच. उत्तरात खरंच विशेष सांगायचं नसतं, "ब्येन, ग्रासिआस" म्हणजे छान, धन्यवाद, झालं काम. मेक्सिकोत मित्रामित्रांत "के ओन्दा" म्हणजे "काय रे, काय चाललंय" चालतं, पण मॅडमना चुकूनही नको.

कोथरूडची_टेस्टर:
खूप खूप आभार सगळ्यांचे, किती नीट समजावलंत! असं ठरवलंय: "ब्वेनोस दीआस, सेन्योरा. मूचो गुस्तो." त्यांनी कोमो एस्ता विचारलं की "ब्येन, ग्रासिआस, इ तू?" चालेल ना?

भाषावेडा_नाशिक:
शेवटचं फक्त "इ उस्तेद?" करा, बाकी मस्त. आणि सेन्योराच्या पुढे त्यांचं आडनाव लावा, अजून छान वाटेल त्यांना.