पंचविशीपर्यंत मेंदू कच्चा असतो म्हणून सोडून द्यायचं का?

सांगलीची आई

माझा मुलगा १९ वर्षांचा. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. गेल्या महिन्यात रात्री एक वाजता चौघं मित्र दोन गाड्यांवर महाबळेश्वरला निघाले. पहाटे पसरणी घाटात एका वळणावर खडीवरून ह्याची गाडी घसरली. साडेपाचला वाईहून फोन आला. उजवीकडचं गळ्याजवळचं हाड मोडलंय, कानाच्या वर सात टाके. मागे बसलेल्या मित्राला नुसतं खरचटलं, देवाची कृपा.

परवा त्या मित्राने हेल्मेट आणून दिलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. एक ओरखडा नाही. काचेवर चिकटवलेला नव्या मालाचा कागदसुद्धा जागेवर. पडला उजव्या अंगावर, आणि हेल्मेट होतं डाव्या कोपरात अडकवलेलं.

हाच मुलगा बारावीत असताना आजोबांच्या मागे लागला होता. ते मोपेडवरून भाजी आणायला निघाले की फाटकात आडवा उभा राहायचा, पट्टा लावल्याशिवाय सोडायचा नाही. म्हणजे त्याला कळत नव्हतं असं मी कशी म्हणू?

भाऊजी म्हणतात, "वहिनी, पंचविशीपर्यंत मेंदू तयारच होत नाही, शास्त्रज्ञांनी सांगितलंय. ओरडू नका त्याला." सासूबाईंना ते मुळीच पटत नाही. त्या एकोणिसाव्या वर्षी दोन लेकरं, चार म्हशी आणि धाकट्या दिराची शाळा सांभाळत होत्या.

मला नीट समजून घ्यायचंय. माणसाचा मेंदू नक्की कितव्या वर्षी पूर्ण होतो? पंचवीस खरं असेल तर अजून सहा वर्षं मी काय करायचं? हाड जुळलं की तो गाडीची किल्ली मागणार आहे.

शरीरक्रिया शिकवणारी

ताई, मुलगा सुखरूप आहे हे सगळ्यात मोठं. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शिकवते. समोरची सगळी मुलं तुमच्या मुलाच्याच वयाची, त्यामुळे ह्या प्रश्नावर माझा जीव आहे.

आकारमानाने पाहिलं तर सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. म्हणून पूर्वी समजूत होती की पुढे फारसं काही घडत नाही. पीटर हटनलोकर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पेशींमधले जोड मोजले. १९७९ साली त्यांनी दाखवलं की एक-दोन वर्षांच्या बाळाच्या कपाळामागच्या भागात हे जोड मोठ्या माणसाच्या दीडपट दाट असतात. पुढे ते कमी होत जातात. वापरातले टिकतात, बिनवापरातले गळतात. तासगावकडे द्राक्षबागेची छाटणी पाहिली असेल तुम्ही, आमच्याकडेही ह्याला छाटणीच म्हणतात. त्याच काळात पेशींना जोडणाऱ्या उरलेल्या तारांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढत असतं. उघड्या तारेतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर जातो, जाड वेष्टण असलेल्या तारेतून शंभर मीटरपर्यंत.

आता पंचवीस कुठून आलं? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी मुलांचे साधारण दर दोन वर्षांनी एमआरआय काढले. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे एकाच मुलाला वर्षानुवर्षं पुन्हा तपासता येतं. २००४ मध्ये त्या गटाने ४ ते २१ वयाच्या १३ मुलांचे स्कॅन ओळीने लावून दाखवले. हालचाल, स्पर्श, दृष्टी ह्यांचे भाग आधी पक्के होतात. "थांब, पुढे काय होईल ते बघ" असं सांगणारा कपाळामागचा भाग शेवटच्यांत येतो. पण ती मालिकाच २१ ला संपते. बदल चालू होता, स्कॅन थांबले. "विशीच्या मध्यापर्यंत" असं सैलसर बोललं जायचं, ते लोकांच्या तोंडी नेमकं पंचवीस होऊन बसलं.

२०२२ मध्ये जगभरातले १,२३,९८४ स्कॅन एकत्र करून, बाळाच्या उंची-वजनाचे असतात तसे मेंदूचे तक्ते तयार झाले. त्यात पेशींचा करडा भाग सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त भरतो, तारांचा पांढरा भाग एकोणतिशीच्या जवळ. २०२५ मध्ये केंब्रिजच्या गटाने तारांच्या जाळ्याची रचना पाहिली, तर मोठी वळणं सापडली ९, ३२, ६६ आणि ८३ च्या सुमाराला. काय मोजायला घेतलं त्याप्रमाणे उत्तर बदलतं. चोविसाव्या वर्षी कच्चा आणि पंचविसाव्या वर्षी पिकला, असं कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही.

तुमच्या हेल्मेटबद्दल मात्र शास्त्राकडे चांगलं उत्तर आहे. शांत बसून विचार करायची कुवत सोळाव्या वर्षापर्यंत जवळजवळ मोठ्यांइतकी होते. आजोबांना अडवणारा मुलगा तो हाच. रक्त सळसळत असताना, आणि त्यातही मित्र बघत असताना, तीच कुवत हाताशी येणं, ह्याला पुढे बरीच वर्षं लागतात. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे असे तीन गट घेऊन गाडी चालवण्याचा खेळ खेळायला लावला. सिग्नल पिवळा झाल्यावर किती पुढे रेटायचं, एवढाच निर्णय. काहींना एकटं बसवलं, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोघं. मित्र शेजारी असताना सगळ्यात लहान गटाने दुपटीच्या आसपास धोका पत्करला, मधल्या गटाने दीडपट. मोठ्यांना काही फरक पडला नाही. तुमचा मुलगा मधल्या गटातला.

सासूबाईंचंही खरं आहे. त्यांची रोजची वहिवाट जबाबदारीची होती, पहाटे धार काढली नाही तर त्याच दिवशी कळायचं. वापरातले जोड टिकतात म्हणतात ते असंच. पण रात्री एक वाजता चल म्हणणारे तिघं त्यांच्या दारात कधी उभे राहिले नसतील.

एक मात्र ध्यानात ठेवा. झोप पार बिघडली, माणसांत यायचं थांबलं, स्वतःशी बोलणं किंवा विनाकारण संशय सुरू झाला, तर "वयच आहे" म्हणून वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा. मोठ्या मानसिक आजारांपैकी पुष्कळसे ह्याच वर्षांत डोकं वर काढतात.

वकिली करतो

कायद्यात एक वय सापडणार नाही. मतदान पूर्वी २१ ला होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने १८ वर आलं. गाडीचा परवाना १८ ला. आपल्या राज्यात कडक मद्याचा परवाना २५ ला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि त्या मुलाला २५ पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. तुमचा मुलगा सज्ञान आहे, ताई. किल्ली तुम्ही आई म्हणून ठेवू शकता, कायदा त्यासाठी मदतीला येणार नाही.

वेल्डिंगचे सर

मी आयटीआयमध्ये वेल्डिंग ट्रेडला एकवीस वर्षं शिकवतोय. वरच्या मॅडमनी खेळाचं सांगितलं, ते मी वर्कशॉपमध्ये रोज बघतो.

वेल्डिंगची काडी संपली की सांध्यावर स्लॅगचा काळा थर राहतो. तो चिपिंग हॅमरने ठोकून काढायचा. ठोकताना तापलेला तुकडा टाळकन उडतो. काळ्या काचेतून तेव्हा काही दिसत नाही म्हणून तोंडावरचं शील्ड वर असतं, आणि म्हणूनच आत पांढरा गॉगल लागतो. लेखी परीक्षेत ह्या प्रश्नाला सगळ्या मुलांना पूर्ण मार्क. बूथमध्ये पोरगा एकटा असला तर गॉगल डोळ्यावर. मागे दोघं येऊन उभे राहिले की गॉगल कपाळावर. २०११ मध्ये माझ्या एका विद्यार्थ्याच्या बुबुळात कण रुतला. पोरगा माझ्या वर्गातला सगळ्यात हुशार. त्या वेळी त्याच्या बूथमध्ये चौघं होते. तो डोळा वाचला, पण त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर त्याच्या वडिलांशेजारी बसलो होतो ते विसरत नाही.

आधी मी नुसता ओरडायचो. त्यानंतर जोड्या लावल्या. एक जॉब, म्हणजे सांधायचं काम, करणार, दुसरा त्याच्या गॉगलवर लक्ष ठेवणार. गॉगल कपाळावर दिसला तर जॉब दोघांनाही पुन्हा. मुलं चिडली, अन्याय आहे म्हणाली. महिन्याभरात सवय लागली. पोरगं स्वतःच्या डोळ्यासाठी गॉगल घालत नाही ताई, पण जोडीदाराचा जॉब वाया जाऊ नये म्हणून घालतं. मित्रांसमोर अक्कल निघून जाते असंच आपण म्हणतो, पण तेच मित्र ती टिकवूही शकतात.

एकट्या मुलाला समोर बसवू नका. चौघांना बोलवा. जेवायला घाला आणि मग बोला.

सांगलीची आई

सर, तुमचं वाचून त्याच रात्री चौघांनाही फोन केले. कालच्या रविवारी आले, गाडीवरून नाही, एसटीने. सासूबाईंनी भाकरी केल्या. हे ताटं उचलत होते तेव्हा मी हेल्मेट आणून मधोमध ठेवलं. काही बोलले नाही, बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले.

बराच वेळ कोणी हात लावला नाही. मग मागे बसलेल्या मुलाने ते उचललं, काचेवरच्या कागदावर अंगठा फिरवत बसला. म्हणाला, "काकू, मी कात्रजला त्याला म्हटलं होतं घाल म्हणून. हे दोघं हसले. मग मी परत नाही म्हटलं."

माझा मुलगा खाली बघत होता. त्याला हे आठवतच नव्हतं.

किल्ली अजून माझ्या कपाटात आहे, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. पण चौघांचं आपसात ठरलंय, मी सांगितलं नाही. रात्री घाटात जायचं नाही. आणि पुढच्याचा पट्टा मागे बसणाऱ्याने स्वतःच्या हाताने लावायचा, तो टक् वाजल्याशिवाय मागच्याने गाडीवर बसायचं नाही. जायच्या आधी त्या मुलाने सासूबाईंच्या समोर माझ्या मुलाला हेल्मेट घालून पट्टा लावून दाखवला. टाक्यांच्या बाजूने जपून.