बहुकण पुंजभौतिकी आणि मुक्त प्रणाली: सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

प्रश्न
मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुंजयामिकीचे पेपर झाले असून पर्टर्बेशन थिअरीपर्यंतचा भाग पक्का आहे. परंतु प्रकल्पासाठी बहुकण प्रणालींवरचे (परस्परांवर परिणाम करणाऱ्या अनेक कणांवरचे) फेटर आणि वालेका यांचे १९७१ चे पुस्तक घेतले आणि ग्रीन फंक्शनपाशी (कण एका जागी व वेळी असता पुढे दुसरीकडे कसा पोहोचतो हे सांगणारे फलन) महिनाभर अडकले आहे. त्यातच मार्गदर्शकांनी मुक्त प्रणालींचेही (सभोवतालाशी जोडलेल्या पुंज-प्रणालींचे) वाचन सांगितले आहे. गणिते स्वतः सोडवत पुढे जाता येईल अशी पुस्तके कोणती, आणि दोहोंपैकी आधी काय वाचावे?

उत्तर १
फेटर-वालेका तूर्त बाजूला ठेवा. सेकंड क्वांटायझेशन (कण निर्माण व नष्ट करणाऱ्या कारकांत गणित मांडण्याची पद्धत) हाताला बसल्यावरच ते पुस्तक उलगडते. ब्रूस आणि फ्लेन्सबर्ग यांच्या पुस्तकाचे पहिले प्रकरणच त्यावर आहे. ते वाचून झाले की दोन जागा आणि दोन इलेक्ट्रॉन असलेले हबर्ड मॉडेल (इलेक्ट्रॉन जागा बदलतात आणि एकाच जागी आले की एकमेकांना ढकलतात) कागदावर सोडवा. अवस्था अवघ्या ६ आहेत, तरीही फर्मिऑनच्या क्रमामुळे येणारी ऋण चिन्हे पहिल्या खेपेस हमखास चुकतात. एकाच जागेवरचे प्रतिकर्षण ‘यू’ हे जागा बदलण्याशी निगडित ऊर्जा ‘टी’पेक्षा फार मोठे असताना सर्वांत खालची ऊर्जा उणे ४ टी-वर्ग भागिले यू इतकी आली, म्हणजे चिन्हे जुळली. त्यानंतर पिअर्स कोलमन यांचे २०१५ चे पुस्तक सावकाश वाचावे.

उत्तर २
मुक्त प्रणालींसाठी ब्रॉयर आणि पेत्रुचियोने यांचा २००२ चा ग्रंथ सर्वजण सुचवतात. तो संग्रही हवाच, पण आरंभाला जड जातो. जॉन प्रेस्किल यांच्या कॅलटेकमधील व्याख्यानांची टिपणे मोफत मिळतात. त्यांतले तिसरे प्रकरण आधी वाचा. सोबत दोन पातळ्यांचा एकच अणू घेऊन लिंडब्लाड समीकरण (मुक्त प्रणालीची अवस्था काळानुसार कशी बदलते ते सांगणारे) हाताने सोडवा: शून्य तापमानाला उत्तेजित पातळीची संभाव्यता गॅमा दराने घटते, तर डेन्सिटी मॅट्रिक्सच्या (प्रणालीची अवस्था संभाव्यतांसह मांडणाऱ्या मॅट्रिक्सच्या) कर्णाबाहेरील घटकांचा ऱ्हास त्याच्या निम्म्या दराने होतो. हे समीकरण १९७६ मध्ये लिंडब्लाड यांनी आणि स्वतंत्रपणे गोरिनी, कोसाकोव्स्की व केरळात जन्मलेले जॉर्ज सुदर्शन यांनी मांडले, याची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

उत्तर ३
क्रमाबद्दल माझे मत असे, की आधी मुक्त प्रणाली घ्याव्यात, कारण एका अणूसाठी दोन बाय दोनची मॅट्रिक्स पुरते. दोन्ही विषय जिथे भेटतात तिथे मात्र आकडे अंगावर येतात: १० स्पिनची (प्रत्येकी दोन पातळ्यांच्या दहा घटकांची) अवस्था १,०२४ संख्यांत मावते, पण त्यांच्याच डेन्सिटी मॅट्रिक्सला १०,४८,५७६ लागतात. पायथॉनमधील क्यूटिप ही पुंज-प्रणालींच्या गणनेची लायब्ररी वापरून २ ते ५ स्पिनपर्यंत स्वतः चालवून पाहा.